वाजवा, पण पावती दाखवा

मुलीच्या लग्नात बापाने कशाकशाला घाबरायचे, याची यादी आमच्या वडिलांनी मला वेळीच तोंडपाठ करून दिली होती : व्याही, आचारी, अवकाळी पाऊस आणि व्याह्यांचे मावसभाऊ. त्या यादीत ‘गाणी’ नव्हती. हा पाचवा शत्रू मला साकोलीच्या एका मंगल कार्यालयात भेटला.

मालकांनी हॉलचे भाडे, भांडी, गाद्या, जनरेटर असे सगळे सांगून झाल्यावर एक कागद हळूच पुढे सरकवला.

“गुर्जी, एवढं गान्याच्या परवान्याचं पाहून घ्या. नाहीतर वाजवनं बंद करा लागते.”

“कोणाचा परवाना?”

“कंपनीचा. गानी त्यांची आहेत ना बाप्पा! मानूस येते अन् नोटीस देते.”

मी रक्कम पाहिली. तेवढ्यात सबंध वरातीला दोनदा जिलबी झाली असती. शिवाय आमच्याकडे वाजवणार होता गावचा बॅण्ड. त्यातला क्लॅरोनेटवाला कोणतेही गाणे अशा तऱ्हेने वाजवतो, की मूळ संगीतकार समोर बसला असता तरी त्याने हक्क सांगितला नसता. पण मालक म्हणाले, “कायद्यानं चाला लागते.” आता आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला कायद्याची भीती घालावी, पण छापील मजकुराची घालू नये. तो वाचतो!

मी वाचला. आणि वाचकहो, मला घाम फुटण्याऐवजी राग आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ वे कलम आहे. कोणत्या वापराला हक्कभंग म्हणायचे नाही, याची ती यादी. धार्मिक समारंभात गाणे वाजवणे त्यात आहे आणि खाली स्पष्टीकरण दिले आहे, की लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभही धार्मिक समारंभातच धरावेत. एवढ्याने कुणाचे समाधान झाले नाही म्हणून की काय, २४ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा बजावले. म्हणजे नवरदेवाचा मामा वरातीत जे नाचतो ते सरकारच्या दृष्टीने धार्मिक कृत्य आहे. (मामांना हे सांगू नका. ते आणखी नाचतील.)

पुढे गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये स्वतःचे परिपत्रक काढले. ते उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द ठरवले : कायद्याची व्याप्ती परिपत्रकाने वाढवता येत नाही. पण मूळ कलम कुठे गेले? ते जागच्या जागी आहे. अमुक समारंभ त्यात बसतो की नाही, याचा वाद होऊ शकतो आणि पंचतारांकित हॉटेलांत तो होईलही. साकोलीत सातफेऱ्यांपुढच्या बॅण्डबद्दल कसला आला आहे वाद? ज्याला माफी आहे त्याच्याकडून भीती घालून वसूल करणे, याला आमच्याकडे परवाना म्हणत नाहीत.

हे सगळे मी घरी तावातावाने सांगितले. पुतण्या म्हणाला, “काका, तीस सेकंद वाजवलं तर तसंही चालते.” हे तीस सेकंद आपल्या कायद्यात कुठेही नाहीत. रास्त वापर म्हणजे स्वतःपुरते ऐकणे, अभ्यास, टीका, समीक्षा, बातमी. घड्याळ लावून केलेली चोरी नव्हे!

आणि इथेच माझी गाडी अडली. कारण ‘आम्ही नाही देत जा’ म्हणणारा मी कोणत्या तोंडाचा? लाखांदूरकडचे आमचे एक स्नेही झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी लिहितात. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटाच्या दिवसांत रात्र-रात्र तिकीट लावून नाटके होतात, त्यांच्या गाण्यांना ‘वन्स मोअर’ पडतो, आणि पुढच्या हंगामात तेच गाणे दुसऱ्याच मंडळीच्या नाटकात दुसऱ्याच्या नावावर ऐकू येते. ह्याला कुठलीही माफी नाही. तिथे तिकीट आहे, गल्ला आहे, धर्मकृत्य काही नाही. पण त्यांच्या वतीने नोटीस घेऊन कुणी कधी आलेले मी पाहिले नाही. माणूस येतो तो मोठ्यांचाच.

मोठ्यांचे तरी कुठे बरे चालले होते म्हणा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की पैसे घेऊन चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचा मालक, करारात वेगळे काही नसेल तर, निर्माता. कवीने शब्द द्यायचे, बिदागी घ्यायची आणि घरी जायचे. संसदेने हे दुरुस्त केले २०१२ मध्ये. तेव्हापासून चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा वाटा बरोबरीचा, आणि तो त्यांना सही करूनही सोडून देता येत नाही. कवींना ओळखणाऱ्या कुणीतरी हे कलम लिहिले असावे! सही मागितली की कवी आधी सही करतो आणि मग चष्मा शोधतो.

मी कलम ५२ ची छापील प्रत आणि ती सूचना मालकांपुढे ठेवली. त्यांनी दोन्ही कागद उलटेसुलटे पाहिले. “इंग्रजीत आहे म्हंजे खरं असन,” म्हणाले, आणि परवान्याची ओळ खोडली. जनरेटरचे पैसे मात्र तेवढ्यानेच वाढवले.

लग्नात बॅण्डवाल्यांनी सिनेमाची गाणी वाजवून झाल्यावर आमच्या स्नेह्यांचे एक जुने नाटकाचे गाणे धरले. ते पंगतीत बसले होते, त्यांचा वरणाचा हात तसाच राहिला. जेवण झाल्यावर मी त्यांच्या हातात पाकीट दिले.

“हे काय गुर्जी?”

“रॉयल्टी. कायद्याने माफ आहे, म्हणून आपखुशीने.”

त्यांनी पाकीट उघडून नोटा मोजल्या, निम्म्या बाजूला काढल्या आणि बॅण्डमास्तरला हाक मारली.

“हे तुझे धर रे. चाल तुझ्या बापाची होती.”