प्रश्न उद्भवत नाही!

हिवाळी अधिवेशन लागले की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जाणार आणि विरोधी आमदार विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभे राहणार. गळ्यात संत्र्यांच्या माळा, नाहीतर कापसाचे हार, हातात फलक, समोर कॅमेरे. दुपारी बातमी लागते, संध्याकाळी विसरली जाते. पायऱ्यांवरच्या घोषणेला उत्तर द्यायला कोणताही मंत्री बांधलेला नाही. छापील यादीतल्या तारांकित प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागते. ते लेखी असते, आणि प्रश्नाचा क्रमांक पुकारला गेला तर उपप्रश्नांनाही उभे राहून तोंड द्यावे लागते.

दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात, हे 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला दिले. त्यातले उरले किती ते बघा. 2024 चे अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर. मंत्र्यांचा शपथविधी आदल्या दिवशी राजभवनावर झाला आणि खातेवाटप जाहीर झाले ते अधिवेशन आटोपल्यावर. ज्याला खातेच नाही त्या मंत्र्याला विचारणार काय? 2025 चे अधिवेशन 8 ते 14 डिसेंबर, आणि त्यात दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. 288 जणांच्या विधानसभेत शिवसेनेच्या ठाकरे गटाचे 20, काँग्रेसचे 16 आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे 10 आमदार निवडून आले. या पदासाठी धरला जाणारा एक दशांशाचा, म्हणजे 29 चा आकडा एकालाही गाठता आला नाही. विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती. पद रिकामे ठेवण्यात सत्ताधाऱ्यांची सोय आहे, हे शेंबडे पोरही सांगेल. पण प्रश्न विचारायला पद लागत नाही. पहिल्यांदा निवडून आलेल्या, शेवटच्या बाकावरच्या सदस्याने टाकलेला तारांकित प्रश्न आणि पक्षनेत्याने टाकलेला प्रश्न नियमाच्या लेखी सारखाच.

या प्रश्नांची भाषा एकदा तरी वाचून बघावी. आमदार विचारतो, ‘अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खालून उत्तर येते, ‘हे खरे नाही.’ मग पुढच्या दोन्ही पोटप्रश्नांना एकच ओळ, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याने पन्नास वर्षांत घासून गुळगुळीत केलेली ही ढाल आहे. जरा अडचण असेल तर ‘अंशतः खरे आहे’, फारच अडचण असेल तर ‘माहिती घेण्यात येत आहे’. ही ढाल भेदायची की तिच्यावर डोके आपटायचे, हे प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात असते.

नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याचेच घ्या. ‘सक्करदरा तलावाची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?’ असे एखाद्या आमदाराने विचारले, तर उत्तर आताच लिहून देतो: हे खरे नाही. दुरवस्था मोजायची कशी? आता हाच प्रश्न असा लिहा: या तलावाच्या कामांसाठी गेल्या तीन आर्थिक वर्षांत किती रकमेला प्रशासकीय मान्यता मिळाली, त्यातली किती वितरित झाली, कार्यादेश कोणत्या तारखेला दिला, कामाची मुदत कधी संपली, मुदतवाढ कोणी दिली, कंत्राटदाराला दंड किती लावला? इथे ‘हे खरे नाही’ बसतच नाही. आकडा द्यावा लागतो. आकडा चुकीचा दिला तर पुढच्या अधिवेशनात हक्कभंगाची सूचना देता येते, आणि ‘काम सहा महिन्यांत पूर्ण करू’ असे मंत्री सभागृहात बोलून बसला तर ते वाक्य आश्वासन समितीच्या दप्तरी जाते. माहिती अधिकारात तुम्हाआम्हाला कागदाची प्रत मिळते. आमदाराला त्या कागदावर मंत्र्याची जबाबदारी मिळते. फरक मोठा आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये सक्करदरा उड्डाणपुलावर भरधाव कारने दुचाकींना उडवले आणि एकाच कुटुंबातले चौघे पुलावरून खाली फेकले जाऊन मरण पावले. हळहळ झाली, चालकावर गुन्हा नोंदला गेला. पण पुलाचा कठडा किती उंचीचा आहे, किती असायला हवा होता, पूल कुणाच्या ताब्यात आहे, पुलावरचा वेग कोण मोजते, हे विचारायची जागा सभागृह हीच. एरवी अशा गोष्टींवर नगरसेवक महापालिकेत बोंबलतो. मार्च 2022 नंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ नागपूर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती. प्रशासक ज्या नगरविकास खात्याला उत्तर देतो, त्या खात्याच्या मंत्र्याला विचारणारी एकच जात उरली होती, आमदारांची. त्या काळात नागपूरच्या वस्त्यावस्त्यांचे प्रश्न सभागृहात धो धो पडायला हवे होते.

कागद हाती असला की काय होते, तेही याच शहराने पाहिले. डिसेंबर 2022 चे अधिवेशन. झोपडपट्टीवासीयांसाठी राखलेली नागपूर सुधार प्रन्यासची जमीन खासगी व्यक्तींना दिल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ‘जैसे थे’चा आदेश दिला होता. वाटपाचा निर्णय तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आधी नगरविकास मंत्री असतानाचा. विरोधकांनी तो आदेश हातात धरून विषय सभागृहात आणला आणि सरकारला बचावासाठी उभे राहावे लागले. शिंदे यांनी आरोप फेटाळले, पण वाटप मागे घेतले गेले. इथपर्यंत उत्तम. त्याच आठवड्यात अध्यक्षांना उद्देशून वापरलेल्या एका शब्दापायी राष्ट्रवादीचे जयंत पाटील अधिवेशन संपेपर्यंत निलंबित झाले, बाकीच्यांनी सभात्याग केला, आणि चर्चा जमिनीवरून त्या शब्दावर गेली. निलंबन योग्य होते असे आम्ही म्हणत नाही. पण सरकारला अडचणीतून सोडवायचे असेल तर यापेक्षा सोपी वाट नाही.

विदर्भाला तडाखेबंद पुढारी आवडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. विदर्भ आंदोलनाचे नेते जांबुवंतराव धोटे यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याची गोष्ट इथल्या पानठेल्यांवर अजून रंगवून सांगितली जाते. धोटे यांची गोष्ट निराळी होती, त्यांच्यामागे रस्ता होता. ज्यांच्यामागे रस्ता नाही त्यांनी पेपरवेटची नक्कल करू नये. समाजवादी खासदार मधू लिमये लोकसभेत उभे राहायला लागले की मंत्री आपले कागद चाचपू लागत, आणि लिमये यांच्या हाती नियमांच्या पुस्तकाशिवाय काही नसे. आमदार मृणाल गोरे यांनी आपल्या विधिमंडळात गर्भलिंगचाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणले. अशी विधेयके सहसा मंजूर होत नसतात, तेही झाले नाही. पण 1988 मध्ये राज्य सरकारलाच कायदा करावा लागला, देशातला त्या विषयावरचा पहिला. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांनी अकरा वेळा निवडून येऊन बरीचशी हयात विरोधी बाकांवर काढली.

आणि लांब कशाला जायचे? देवेंद्र फडणवीस 1999 ते 2014 अशी सलग पंधरा वर्षे विरोधी बाकांवर होते. अर्थसंकल्प कसा वाचायचा यावर पुस्तक लिहिणारा हा माणूस घडला तो प्रश्नोत्तरे, कपात सूचना आणि अर्ध्या तासाच्या चर्चांत. आज तेच मुख्यमंत्री आहेत. प्रश्न कुठे टोचतो हे त्यांना पक्के माहीत, म्हणून तो बोथट कसा करायचा हेही माहीत. समोर असा गडी असताना विरोधकांनी तयारीविना यायचे म्हणजे कमालच.

प्रश्नांचा बाजार मांडणारेही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये संसदेने 11 खासदारांना घरी पाठवले, त्यात महाराष्ट्रातले दोघे होते. विधिमंडळातही कुणाचा प्रश्न अचानक मागे का घेतला जातो, कुणाची लक्षवेधी सूचना ऐनवेळी पुढे का ढकलली जाते, याची कुजबुज लॉबीत दरवर्षी असते. त्यावर उपाय एकच, प्रश्न विचारणाऱ्यावर बाहेरून नजर. आपल्या आमदाराने काय विचारले आणि काय विचारून सोडून दिले, हे मतदाराला माहीत असले की मागे घेताना हात थरथरतो.

आता आमच्या वाचकांशी दोन शब्द. सक्करदरा ज्या दक्षिण नागपुरात येते तिथले आमदार मोहन मते सत्ताधारी पक्षाचे आहेत. म्हणून विरोधकांकडून आपला प्रश्न जाणारच नाही, असे समजू नका. कोणत्याही मतदारसंघाचा प्रश्न कोणताही सदस्य विचारू शकतो. पश्चिमेचे विकास ठाकरे, उत्तरेचे नितीन राऊत हे याच शहरातले काँग्रेसचे आमदार आहेत. 2020 मध्ये पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेले अभिजित वंजारी यांना तर सक्करदऱ्यातल्या पदवीधरांनीही मत दिलेले आहे. बुधवार बाजार असो, तलाव असो की उड्डाणपूल, नुसते गाऱ्हाणे घेऊन जाऊ नका. तारीख, कार्यादेशाचा क्रमांक, खर्ची पडलेली रक्कम आणि एक फोटो एवढे एका कागदावर मांडा आणि अधिवेशनाच्या दोन महिने आधी नेऊन द्या, कारण तारांकित प्रश्न कित्येक आठवडे अगोदर दाखल करावा लागतो. मग अधिवेशन संपल्यावर त्याच आमदाराच्या दारात जा आणि छापील उत्तराची प्रत मागा. प्रत नसेल तर कारण विचारा, आणि तेही लेखी.