दोन किलो गुळाचे गणित

परवा टपरीवर चहा पिताना मुरघासाचा विषय निघाला. एक जण ठासून म्हणाला, "सर, नेपिअरचा मुरघास होतच नाही. सडतो. मकाच पाहिजे."

त्याला हसायचा मला अधिकार नाही. मागच्या पावसाळ्यात मी स्वतः पाचशे किलोची बॅग भरली होती. नेपिअरची बारीक कुट्टी, वर एक किलो गूळ पाण्यात कालवून, थोडे ताक. पंचेचाळीस दिवसांनी तोंड सोडले तर असा घाण वास की गाईने मान फिरवली आणि सूनबाईंनी नाकाला पदर लावला. सगळी बॅग उकिरड्यावर!

मग घरी बसून कागद-पेन्सिल घेतली. टनाला दोन किलो गूळ, हे प्रमाण आपल्याकडे पाढ्यासारखे घोकले जाते. मक्याला ते चालते, कारण चिकातल्या मक्यात स्वतःचीच साखर भरपूर. गूळ नाही घातला तरी तो आंबतो. नेपिअरसारख्या उष्ण प्रदेशातल्या गवतात साखर कमी, पाणी जास्त, आणि जाड कांड्या नीट दबत नाहीत म्हणून हवा राहते. साखरेचे आम्ल करणारे जिवाणू उपाशी राहिले की सडवणारे माजतात. अशा गवताला वजनाच्या ३ ते ५ टक्के मळी लागते. ३ टक्केच धरा. टनाला ३० किलो मळी, तिच्यात साधारण निम्मी साखर, म्हणजे १५ किलो. आणि आपण घालतो दोन किलो गूळ! सातवीतल्या पोरालाही हे त्रैराशिक सुटेल, पण पत्रके छापणाऱ्यांना सुटत नाही. कल्चरच्या पुड्या विकणारे आहेतच. पुडीतले जिवाणू चांगले असतील हो, पण त्यांनी खायचे काय?

(पाण्याचा उपाय घरचाच आहे. कापलेला चारा अर्धा दिवस सुकू द्या, नाहीतर तुरी-सोयाबीनचे भुसकट मिसळा. मूठ आवळल्यावर पाणी ठिबकायला नको.)

आता खरी गंमत. आपला नगर जिल्हा (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही) मळीचे आगर आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या शेअरवर. इकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले जयवंत'सारखे नेपिअरचे वाण दिले, जे एकदा लावले की वर्षातून अनेकदा कापता येते. म्हणजे गवतही इथलेच, मळीही इथलीच, आणि दोघांची गाठ मात्र पडत नाही! मळी पूर्वी दारूकडे जायची, २०१८ नंतर इथेनॉलचा जोर वाढला. सामान्य शेतकऱ्याला दोन कॅन हवे असतील तर उत्पादन शुल्क खात्याचे नियम आडवे येतात.

इथेनॉलला माझा विरोध नाही. त्यातून उसाचे पैसे मिळतात, हे मलाही कळते. पण २०१९ च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यात जनावरे छावण्यांत बांधली होती आणि त्यांच्यापुढे उसाचीच कुट्टी टाकली जात होती, सरकारी पैशाने. पावसाळ्यात बांधावर नेपिअर जून होऊन लाकूड होतो, उन्हाळ्यात आपण छावणीसाठी अर्ज करतो. मळी महाग पडते म्हणणाऱ्यांनी छावणीचा खर्च कधी मांडला आहे का?

सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते. ती घरात कोण खातो? मला साखरेचा आजार, सूनबाईंना नको. त्याऐवजी दूध घालणाऱ्या सभासदाला जुलै-ऑगस्टमध्ये शंभर किलो मळी द्या, परवान्याचे कागद कारखान्याने करावेत. तीन टन नेपिअर त्यात सहज बसेल.

वडिलांच्या नावचा शेअर आता माझ्याकडे आहे. येत्या वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" चा गजर सुरू व्हायच्या आत माईक मिळवायचा आहे. पुढच्या रांगेत बसायला कोण कोण येतो ते कळवा.