विश्लेषण : लष्करी ट्रकच्या ब्रेकची हवा अवजारांसाठी वापरावी का?

अमेरिकी लष्कराने सेवेतून काढलेले जुने ट्रक लिलावात घेऊन ते हौसेने किंवा शेतावरच्या कामासाठी चालवणारे लोक तिथे बरेच आहेत. ‘एम-३५’ हा अडीच टनी ट्रक त्यांचा विशेष लाडका. असा ट्रक दारात आला, की मालकाच्या मनात एक प्रश्न येतोच. ट्रकवर कॉम्प्रेसर आहे, हवेच्या टाक्या आहेत आणि दाबही भरपूर आहे. मग नट खोलायच्या इम्पॅक्ट गनसाठी वेगळा कॉम्प्रेसर कशाला घ्यायचा? हवा वापरता येते, हे खरे. पण ती हवा ब्रेकची आहे, याचा विसर पडला तर हा जुगाड महागात पडतो.

ब्रेकमध्ये हवा कशासाठी?

दाबलेल्या हवेने ब्रेक लावण्याची कल्पना रेल्वेतून आली. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. ट्रकमध्ये इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. दाब साधारण १२० पीएसआयच्या आसपास गेला, की गव्हर्नर भरणे थांबवतो. ब्रेक दाबताना हवा खर्च होते, दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागतो. हवेवर चालणाऱ्या बहुतेक हातअवजारांना ९० पीएसआय दाब लागतो. म्हणजे दाबाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो हवा किती मिळते याचा.

लष्कराला हे सुचले नव्हते का?

सुचले होते आणि मर्यादेत वापरलेही गेले. एम-३५ वर काचेचे वायपरही हवेवर चालत. टायरमध्ये हवा भरण्याची सोय ट्रकच्याच टाकीवरून होती. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या जमीन-पाण्यावर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालक जागेवर बसून टायरचा दाब कमी-जास्त करू शकत असे. वाळूत दाब कमी करायचा, पक्क्या रस्त्यावर वाढवायचा. मात्र या सगळ्या कामांना हवा थोडी आणि थांबून थांबून लागते. अवजारांचे तसे नसते.

किती काम होईल?

समजा टाकी ४० लिटरची आहे. दाब १२० वरून ९० पीएसआयवर येईपर्यंत तिच्यातून साधारण ८० लिटर मोकळी हवा मिळते, म्हणजे जेमतेम तीन घनफूट. मिनिटाला पाच घनफूट हवा खाणारी गन सलग चालवली, तर हा साठा ३५ सेकंदांत संपतो. पुढे सगळी भिस्त कॉम्प्रेसरवर. ट्रकच्या नेहमीच्या कॉम्प्रेसरची क्षमता १२-१३ घनफूट सांगतात, पण ती कॉम्प्रेसरच्या १२५० फेऱ्यांना. त्यातही हा आकडा सिलिंडर किती हवा ओढतो त्याचा असतो. दाब चढल्यावर प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून कमी असते. इंजिन नुसते चालू ठेवले तर फेऱ्या निम्म्यावर येतात आणि हवाही.

म्हणून चाकाचे नट खोलणे, टायर भरणे, फिल्टरवर हवा मारणे ही कामे आरामात होतात. नट सुटायला काही सेकंद लागतात, मग पुढचा नट पकडेपर्यंत टाकी थोडी सावरते. ग्राइंडर, सँडर, रंगाचा फवारा यांचे गणित वेगळे. ती अवजारे सतत हवा ओढतात. ब्रेकचा कॉम्प्रेसर मात्र थोडा वेळ भरायचा आणि बराच वेळ मोकळा फिरायचा, या हिशेबाने बनवलेला असतो. त्याला तासभर सलग राबवले, तर तो तापतो आणि टाकीत तेल फेकू लागतो. शिवाय एका गनसाठी ७.८ लिटरचे डिझेल इंजिन धडधडत ठेवायचे, हा हिशेब खिशालाही परवडणारा नाही.

धोका नेमका कुठे?

धोका काम चालू असताना कमी आणि काम संपल्यावर जास्त असतो. अवजार गुंडाळले, ट्रक सुरू केला आणि टाकी अर्धी रिकामी असतानाच उतार लागला, तर काय? पूर्ण एअर ब्रेकच्या आधुनिक ट्रकमध्ये दाब ६० पीएसआयच्या आसपास आला की इशारा वाजतो. तो आणखी घसरून २० ते ४५ च्या दरम्यान आला, की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. हवा गेली तर गाडी थांबते.

जुन्या एम-३५ मध्ये हे कवच नाही. त्याचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत, तेही एकाच परिपथाचे, आणि हवा त्यांना फक्त जोर देते. हवा संपली तर ब्रेक आपोआप लागत नाहीत. उलट पेडल दगडासारखे घट्ट होते आणि कित्येक टनांची गाडी पायाच्या जोरावर थांबवावी लागते. म्हणून ‘दुसऱ्याच्या ट्रकवर चालले, माझ्यावरही चालेल’ हा तर्क इथे चुकतो. आपल्या ट्रकचे ब्रेक कोणत्या जातीचे आहेत, हे आधी कळले पाहिजे.

जोडणी कशी असावी?

पहिली अट म्हणजे प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह. दाब ठरावीक पातळीखाली गेला, की हा छोटा व्हॉल्व्ह अवजाराकडची वाट बंद करतो. नळी फुटली तरी ब्रेकपुरती हवा शिल्लक राहते. ट्रेलरच्या जोडणीतून हवा घेणे सोपे असते, म्हणून अनेक जण तेच करतात. पण ट्रेलरसाठी असलेले संरक्षण आधुनिक ट्रकवरही फार खालच्या दाबाला जागे होते. त्याच्यावर विसंबून चालत नाही.

दुसरे, व्हॉल्व्हच्या पुढे रेग्युलेटर लावून दाब ९० वर आणावा. अवजाराला तेल देणारे ऑइलर आणखी पुढे, अवजाराजवळ असावे. ब्रेकच्या नळ्यांत तेल जाता कामा नये. तिसरे, टाकीत साचणारे पाणी रोज सोडावे, कारण जास्त हवा भरली की पाणीही जास्त साचते. चौथे, काम करताना चाकांखाली ठोकळे हवेतच. आणि निघण्यापूर्वी दाबाचा काटा पूर्ण चढलेला पाहावा.

आपल्याकडे याचा काय संबंध?

संबंध रोजचा आहे. आपल्या जड ट्रकांचे ब्रेकही हवेवरच चालतात. त्याच टाकीला नळी जोडून केबिन साफ करणे, टायर भरणे, कर्कश हॉर्न बसवणे हे महामार्गावर सर्रास दिसते. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवयही जुनीच. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, आणि उतारावर तर प्रत्येक ब्रेकला हवा खर्च होते. लिलावातला ट्रक घेणारा हौशी अमेरिकी आणि घाट उतरणारा आपला चालक, दोघेही एकाच साठ्यातून उचल करत असतात.

मग करावे की नाही?

आडरानात चाक बदलायचे असेल, तर जरूर करावे. ट्रकवर असलेली सोय वापरण्यात शहाणपणच आहे. पण व्हॉल्व्ह नसेल तर करू नये, आणि रोजच्या गॅरेजकामासाठी तर मुळीच नाही. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर किंवा बॅटरीवरची गन स्वस्त पडते. या टाकीवर पहिला हक्क ब्रेकचा आहे. तो सांभाळून उरेल तेवढीच हवा अवजाराची.