न वाचलेली चौथी अट

सीमाभागातील मराठी माणसाला भाषेचा प्रश्न म्हटला की मोर्चे, धरणी आणि महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आठवतो. ते स्वाभाविकच आहे. पण हाच प्रश्न गल्लीत उभ्या केलेल्या एका ट्रॉलीच्या रूपाने माझ्या दारात येईल असे मला कधी वाटले नव्हते. तो आला, आणि त्यात चूक माझीही होती. म्हणूनच हे लिहावयास बसलो आहे.

आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे. 2019 च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात कित्येक घरे कोसळली. आमचे उभे राहिले, पण सोप्याच्या भिंतीला धरलेली ओल काही सुटली नाही. अखेर गेल्या हिवाळ्यात सोपा उतरवावयाचे ठरले. गवंड्याने सांगितले, ट्रॅक्टरची एक ट्रॉली भाड्याने आणून दारात उभी करा. भिंत उतरेल तशी माती-विटा तीत भरू, भरली की ट्रॅक्टर येऊन ओढून नेईल. मोठ्या शहरांत यासाठी लोखंडी डबे भाड्याने मिळतात. आपल्या गावांत ट्रॉली हाच आपला डबा.

गल्ली अरुंद. ट्रॉली सार्वजनिक रस्त्यावर तीन रात्री उभी राहणार, म्हणून मी रीतसर परवानगी काढावयास गेलो. शेजारी हसले. "गुरुजी, याला परवानगी कोण काढतंय? लावा की दारात." पण शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचे आणि स्वतः रस्ता अडवायचा हे मनाला पटेना.

कार्यालयात छापील फॉर्म पुढे आला. संपूर्ण कन्नड. कारकुनाने तळाशी बोट ठेवले, "इल्ली सही माडी," आणि पुढचे सारे बोलणे मात्र छान मराठीत केले. चहाही विचारला. त्या गृहस्थाविषयी माझी काहीच तक्रार नाही. मला बाजारापुरते कन्नड बोलता येते, बसवरच्या पाट्या वाचता येतात. पण कार्यालयातले कन्नड निराळेच असते, जसे कोर्टाच्या कागदातले मराठी शेतकऱ्याला निराळे वाटते. मी विचारले, "काय लिहिलंय?" उत्तर आले, "नेहमीचंच आहे, गुरुजी. तीन दिवसांत काढा म्हणजे झालं." मी सही केली, प्रत घडी करून खिशात घातली आणि घरी आलो.

तिसऱ्या पहाटे दाट धुके होते. गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. शहराकडे दूध घेऊन निघालेला एक तरुण मोटारसायकलसह ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर आदळला. किटल्या उलटल्या, दूध गटारात गेले. डोके वाचले हे दैव, पण खांद्याजवळचे हाड मोडले आणि दीड महिना त्याच्या घरचे दूध दुसऱ्यांनी पोहोचवले. दवाखान्याचा खर्च मी दिला. ते माझे कर्तव्यच होते. भेटावयास गेलो तर तोच मला म्हणाला, "ट्रॉली दिसलीच नाही बघा, गुरुजी. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" हा मुलगा पाचवीत माझ्याच वर्गात होता. प्रश्न पूर्ण वाचल्याविना उत्तर लिहू नये, हे मी त्याला शिकवले होते.

त्या दिवशी शाळेत गेल्यावर खिशातली प्रत आमच्या कन्नड शिक्षकांपुढे ठेवली. त्यांनी एकेक अट वाचून अर्थ सांगितला. पहिली अट, मुदत तीन दिवस. दुसरी, गटार तुंबता कामा नये. तिसरी, माणसे व वाहने जाण्यापुरती वाट मोकळी ठेवावी. चौथी, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना तांबडा दिवा किंवा कंदील टांगावा. पुढचे मी ऐकलेच नाही. घरात दोन कंदील आहेत. तांबडा कागदही शाळेतून मिळाला असता. ही एक ओळ मला वाचता आली असती तर दहा मिनिटांचे काम होते.

आता दोष कोणाचा? अट योग्य होती, सरकारी कागदाला नावे ठेवता येत नाहीत. 2016 साली केंद्र सरकारने बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याचे जे नियम काढले, त्यांतही अशा कचऱ्याने वाहतुकीला, लोकांना वा गटारांना अडथळा होता कामा नये, असे बजावले होते. नियम माणसाच्या जिवासाठीच असतात. पण ज्याने तो पाळायचा त्याला तो कळलाच नाही, तर नियम केल्याचा उपयोग काय? भाषेचा प्रश्न हा केवळ अस्मितेचा नाही; तो रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा, गटाराचा आणि दवाखान्याचाही आहे, हे मला त्या पहाटे कळले.

परिपत्रके मराठीतून मिळावीत या मागणीसाठी मी स्वतः अनेकदा मोर्चात चाललो आहे. घोषणा दिल्या, निवेदनांवर सह्या केल्या. आणि प्रत्यक्ष खिडकीपुढे उभा राहिलो तेव्हा "याची मराठी प्रत आहे का?" एवढेही विचारले नाही. आपल्यापैकी किती जण विचारतात? निरक्षर माणसाचा अंगठा घेताना कागदावर "मजकूर वाचून दाखविला, समजला" असा शेरा लिहिण्याची पद्धत आहे. आपण शिकलेली माणसे तेवढेही मागत नाही. सही येते म्हणून आपल्याला कागद कळतो असे समजले जाते, आणि तो समज आपणच खपवून घेतो.

आपल्या हाती काय आहे, तेही नीट समजून घेतले पाहिजे. घटनेच्या 350 व्या कलमाप्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेतून, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येते. परवानगीचा अर्ज हे गाऱ्हाणे नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि शब्दशः ते खरे आहे. पण अर्जाच्या अटी मला कळत नाहीत, हे गाऱ्हाणेच आहे, आणि ते मराठीतून लिहून देण्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 350 ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. त्याच काळापासूनच्या संरक्षण योजनेत, ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतूनही प्रसिद्ध व्हावेत, असे ठरले आहे. हे सारे सीमावादाच्या निकालाआधीही लागू आहे. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर रस्त्यावर ट्रॉल्या उभ्या राहणारच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, कन्नड शिका म्हणजे प्रश्न मिटला. शिकलेच पाहिजे, यात दुमत नाही. आमच्या मराठी शाळांत मुले कन्नड शिकतातच, आणि पाचवी-सहावीच्या मुलांना एखादा खरा सरकारी फॉर्म वाचावयास द्यावा असे माझे मत आहे. पण साठीच्या आजीने घराची भिंत पडल्यावर आधी कार्यालयीन कन्नड शिकावे, मग माती उचलावी, असे कोणी म्हणणार आहे काय? जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी हजारो कुटुंबे आहेत. तेथल्या कार्यालयांतून त्यांनाही कन्नडमधून अटी कळल्या पाहिजेत, असे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. जो न्याय आपण मागतो तो दुसऱ्यालाही मिळावा, तरच मागणीला वजन येते.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. परवानगीच काढू नये, म्हणजे फॉर्मचा प्रश्नच येत नाही! दुर्दैवाने हेच अधिक चालते. माती रस्त्यावर, वाळू गटाराच्या तोंडाशी, आणि विचारले तर "आम्हाला काय कन्नड येतंय?" भाषेवरील अन्यायाची अशी ढाल करणे बरे नव्हे. मोटारसायकलवरच्या मुलाला आपली ढाल दिसत नाही, त्याला ट्रॉलीच लागते.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे चार गोष्टी सुचवतो. एक, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. करावीच लागली तर सहीखाली मराठीत लिहावे, "मजकूर मला समजावून दिला" किंवा "समजावून दिला नाही", जे खरे असेल ते. दोन, गावाच्या नेहमीच्या फॉर्मच्या अटी कन्नड व मराठीत शेजारी शेजारी लिहून एक पान तयार करावे. घरदुरुस्ती, नळजोडणी, रस्त्यावर साहित्य ठेवणे एवढे फॉर्म घेतले तरी पुष्कळ. आमच्या वाचनालयाच्या समितीने कन्नड शिक्षकांच्या मदतीने ट्रॉलीच्या अटींचे असे पान लिहून दाराशी लावले आहे. एका संध्याकाळचे काम होते. तीन, हे पान कार्यालयातही लावावे असा ठराव ग्रामसभेत मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतला जाईल हे पाहावे. चार, नकार मिळाला तर तो लेखी मागावा, आणि मग 350 व्या कलमाचा आधार घेऊन मराठीतून निवेदन द्यावे.

आपण अनुवाद केला तर सरकारची जबाबदारी सुटेल, अशी भीती काही कार्यकर्ते व्यक्त करतात. मला तसे वाटत नाही. आपले पान ही तात्पुरती सोय आहे, मागणी कायमच आहे. उलट हाती तयार पान असले की "हे करणे शक्य नाही" असे म्हणावयास जागा उरत नाही. ट्रॉलीच्या अटींचे पान घेऊन मी पुन्हा त्याच खिडकीशी गेलो होतो. कारकुनाने ते वाचले, एक शब्द दुरुस्त करून दिला आणि "साहेबांना विचारून सांगतो," म्हणाला. अजून उत्तर आलेले नाही. मी दर सोमवारी विचारतो.

सोपा आता बांधून झाला आहे. तो तरुण पुन्हा दुधाच्या फेरीवर जातो. अवजड किटली मात्र अजून डाव्या हाताने उचलतो. वाचकांना एवढेच सांगणे आहे की आपल्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून ठेवावी, आणि जाताना घरातला सही केलेला पण न वाचलेला एखादा कागद सोबत न्यावा. तो तेथे मोठ्याने वाचून, त्याचा मराठीत अर्थ सांगावा, एवढी मागणी पहिल्या दिवशी पुरे आहे.