शिवारफेरी : तेरड्याचा डोंगर आणि गढूळ पाणी



शिवारफेरी म्हटली की आपण बांधाबांधाने चालतो, पिकावरची कीड-रोगराई पाहतो आणि चार कामाच्या गोष्टी बोलतो. या खेपेची फेरी डोंगरातली आहे आणि तीही नवी मुंबईतल्या. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनींवर हे शहर वसवायचे ठरले. भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागी इमारती आल्या. डोंगर मात्र अजून जागेवर आहे. खारघरला उभे राहून मान वर केली की तो दिसतोच.

माझा पुतण्या तिथे राहतो. गौरी-गणपतीच्या आधीच्या रविवारी तो, त्याची दहा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे निघालो. पांडवकड्याचा धबधबा सुमारे 107 मीटर उंचीचा, पण पावसाळ्यात तिकडे जाण्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या खालच्या प्रवाहात चार कॉलेजकन्यका वाहून गेल्या. म्हणून आम्ही ती बाजू सोडली, वाट खुली असल्याची चौकशी केली आणि पठारावरच्या पाड्यांकडे चालू लागलो. पाठीवरच्या पिशवीत भाकरी, लसणाची चटणी, कांदा आणि पाणी.

चढ संपता संपता तेरडा लागला. सगळी उतरण गुलाबी! आपल्या कोकणात गौरी म्हणून याचीच रोपे घरी येतात. नातीने पिकलेल्या बोंडाला बोट लावताच ते फटकन फुटले आणि बी चहूकडे उडाले. "आजोबा, हे स्वतःच पेरणी करतं!" ती म्हणाली. मी इतकी वर्षे पेरणीवर व्याख्याने देतो, पण इतके सोपे सांगायला मला जमलेले नाही.

पुढे कातळावर, जेमतेम दोन बोटे मातीत, सीतेची आसवे फुलली होती. जांभळी, इवलीशी. दिसायला गरीब, पण हे झाड मांसाहारी आहे. कातळावरच्या मातीत नत्र नसते, तेव्हा पाण्यातले बारीक जीव मुळांजवळच्या फुग्यांत पकडून ते आपली भूक भागवते. शेजारी पिवळा कवळा होता. तो कडधान्याच्या कुळातला, मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र मिळवणारा. जमीन एकच, पण उपाय निराळे.

कळलावीचे लाल-पिवळे फूल दिसले तेव्हा मात्र मी नातीचा हात धरला. भगिनींनो, हे नीट वाचा. हिचा कंद नांगराच्या फाळासारखा असतो आणि त्यात कोल्चिसिन नावाचे जालीम विष असते. नावावरून काही ठिकाणी बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून ती वापरण्याची समजूत आहे. कृपा करून तसे कोणी करू नये. त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. पोटात गेलीच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

आता माझ्या चुकीची गोष्ट. सकाळी एक ओढा आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला होता. दुपारी परतताना तो गुडघ्यापर्यंत आला होता. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. मी म्हटले, "गुडघाभरच तर आहे. पोरीला खांद्यावर घे, चला." पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही म्हणत असाल तर जाऊ." त्याने तिला उचललेही.

मागून हाक आली, "भाऊ, पाय नका घालू!" पाड्यावरची एक म्हातारी, डोक्यावर मोळी. मी म्हटले, "मावशी, पाऊस कुठं आहे?" ती म्हणाली, "इथं नाही, वर पडतोय. पाण्याचा रंग बघा."

बघितले. मघाशी नितळ असलेले पाणी चहासारखे झाले होते आणि त्यावरून पालापाचोळा, काटक्या वाहत होत्या. दहा मिनिटांत पाणी कंबरेएवढे झाले. आम्ही पाय टाकणार होतो तिथूनच एक ओंडका गेला. पुतण्याने मुलीला घट्ट धरले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही आणि मलाही त्याच्याकडे पाहवेना. पदवीचा कागद माझ्या घरी भिंतीवर आहे. त्या दिवशी तो काही कामाला आला नाही.

दोन तास तिच्या ओसरीवर बसलो. बिनदुधाचा चहा मिळाला. ती म्हणाली, "आता हे पाणी भिववतं, आणि वैशाखात हेच शोधत फिरावं लागतं." पाणी उतरल्यावर तिच्या मुलाने आम्हाला ओढा न ओलांडता वरच्या वाटेने डांबरी रस्त्यावर आणून सोडले.

तिच्या बोलण्याचा हिशेब मी घरी येऊन मांडला. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी झाले. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर धरला, तर एकरी एक कोटी लिटर होते! पण खाली काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर, त्यामुळे बहुतेक पाणी चार महिन्यांत खाडीला मिळते. त्यातच उन्हाळ्यात कोणी गवताला काडी लावली, की उरलीसुरली मातीही धुपून जाते.

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, शाळेला किंवा गुरांमागे जाणाऱ्या पोरांना शिकवा : पाणी गढूळ झाले, पाचोळा आला किंवा ओढ्याचा आवाज वाढला, की मागे फिरायचे आणि उंचावर थांबायचे. गुडघाभर वेगाचे पाणीही माणसाला पाडते. दुसरी, डोंगराला वणवा लावू नका, कोणाला लावू देऊ नका. तिसरी, पाऊस ओसरून धार बारीक झाली की गावाने मिळून वनराई बंधारा घाला. अरुंद पात्र व उंच काठ असलेली जागा निवडा. सिमेंटची किंवा खताची रिकामी, धुतलेली पोती वाळू-मातीने भरून तोंडे शिवा. तळाला रुंद आणि वर निमुळते होत जाईल अशी, विटांसारखे सांधे चुकवून रचा. जादा पाण्याला मधून वाट ठेवा. खर्च थोडा, श्रम सर्वांचे. अडलेले पाणी आसपासच्या विहिरींत मुरते आणि भातामागच्या वालाला नि भाजीला उपयोगी पडते.

नातीने येताना तेरड्याचे बी रुमालात बांधून आणले आहे. पुढच्या मृगात कुंडीत पेरणार म्हणते. मी होकार दिला आहे. सल्ला मात्र अजून दिलेला नाही.