सातवा डाव, पहिली ओळख

आज एका लांबलचक डावाबद्दल बोलू या.

बुद्धिबळात कसं, आधी तुमची खेळी, मग समोरच्याची. तुम्ही विचार करत बसलात तरी त्याचा घोडा जागचा हलत नाही. असाच आळीपाळीनं खेळायचा संगणकावरचा खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो 1991 मध्ये तयार केला. एक लहानशी वस्ती वसवायची, मग शेती, व्यापार, विद्या आणि सैन्य वाढवत हजारो वर्षांचा इतिहास घडवायचा. याचा सहावा भाग 2016 मध्ये आला आणि सातवा 11 फेब्रुवारी 2025 रोजी. मोहाडीला भाच्याच्या संगणकावर मी हा सातवा भाग खेळून पाहिला.

पहिल्यांदा आवडली ती नदी. आता मोठ्या नद्यांतून जहाजं आत शिरतात. वैनगंगेच्या मुलखातल्या माणसाला याचा आनंद होणारच!

पण खरा बदल वेगळाच आहे. डाव तीन युगांत विभागलाय: प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक. खेळ आला तेव्हा युग संपलं की तुमचं राष्ट्र बदलायचं. नेता तोच राहतो. म्हणजे सम्राट अशोक घेऊन तुम्ही मौर्यांपासून सुरुवात केलीत, तर पुढे चोळ आणि मग मुघल होऊ शकता. यावर जुने खेळाडू फार नाराज झाले. मलाही राग आला. एवढं कष्टानं उभं केलेलं राज्य मध्येच का सोडायचं?

भाचा म्हणाला, “मामा, आपल्या पवनीला तेच तर झालं!”

मी गप्पच झालो. आपल्याच भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथं जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. त्यांचा इतिहास मौर्यकाळापर्यंत मागे जातो. पुढे या मुलखावर सातवाहन आले, वाकाटक आले, गोंड राजे आले, नागपूरकर भोसले आले, मग इंग्रज. राज्यं बदलली, पण नदी तीच आणि गावही तिथंच. खेळातसुद्धा शहरं जागेवर राहतात आणि जुन्या परंपरा पुढच्या युगात नेता येतात. ही कल्पना मला पटली. सुरुवातीच्या यादीत मराठे नाहीत, हे मात्र खटकलं.

आणखी एक तक्रार. पडद्यावरची माहिती नीट सापडत नाही. नवख्याची तर पार भंबेरी उडते.

आता पालकांसाठी दोन शब्द. या खेळाची ख्याती आहे ती ‘बस, आणखी एकच खेळी’ यासाठी. त्या एका खेळीत रात्रीचे बारा कधी वाजतात, कळत नाही! पण इथं घाई नसते. डाव साठवून ठेवता येतो. म्हणून बसण्याआधीच खेळ्या ठरवा. तीस म्हणजे तीस. मग आईची हाक आली की उठायचं.

आणि ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी हिरमुसू नका. वहीत तीन रकाने पाडा. आजोबांना, गुरुजींना विचारा, आपल्या गावावर कोणत्या काळात कोणाचं राज्य होतं आणि त्यातलं आज काय उरलंय? एखादा तलाव, एखादं देऊळ, एखादा बुरूज. हा डाव फुकट आहे, आणि खराही!

भेटू पुढच्या आठवड्यात.