नाताळात शंभर हात, जुलैत दहा

थोडं मोठं लिहितेय. वसईकरांसाठी आहे, फक्त ख्रिस्ती वसईकरांसाठी नाही. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

डिसेंबरात आपल्या कुठल्याही चर्चला माणसं कमी पडत नाहीत. गोठा उभारायला पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात. पेंढा एकाच्या वाडीतून येतो, बांबू दुसऱ्याच्या, लायटिंग तिसऱ्याच्या घरून. नाताळगीतं म्हणत घरोघरी फिरणारा ग्रुप वेगळा. चर्चचा सण असला की मांडव, पार्किंग, पाणी, वाढप, सगळं गावातली माणसंच सांभाळतात. कुणाला एक पैसा मिळत नाही. मला याचं मनापासून कौतुक आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे माहीत नसण्याच्या दिवसांत एवढी माणसं एका कामाला जमणं ही साधी गोष्ट नाही.

माझा प्रश्न जुलैचा आहे.

जुलैत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी कोण जातं? दहावीच्या पोरांना गणित कोण शिकवतं? आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडी कोण काढतं? पाणी भरलं की कुणाच्या घरी आधी जायचं, याची यादी कुणाकडे असते? बहुतेक धर्मग्रामांत उत्तर एकच: तीच दहा माणसं. त्यातली निम्मी साठीच्या पुढची. त्यांचे स्वतःचेच गुडघे दुखतायत.

यावर आपलं ठरलेलं वाक्य तयार असतं. "आजकालच्या पिढीला सेवेची आवडच राहिली नाही." मला हे अजिबात पटत नाही. आवड नसती तर गोठ्यासाठी रात्रभर कोण जागलं असतं? माणसं तीच आहेत, फरक कामात आहे. गोठ्याच्या कामाला तारीख असते. ते कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे माहीत असतं. मी काय करायचं, तू काय करायचं, हे स्पष्ट असतं. सोबतीला मित्र असतात आणि शेवटी केलेलं काम डोळ्यांना दिसतं.

आता दुसऱ्या कामांसाठी आपण माणसं कशी मागतो ते आठवा. मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये एक ओळ: "समाजकार्यासाठी इच्छुकांनी ऑफिसमध्ये नावे द्यावीत." कसलं काम? आठवड्यातून किती वेळ? कुणासोबत? थांबायचं असेल तर कसं थांबायचं? काहीच सांगितलेलं नसतं. आणि लोकांना अनुभवाने ठाऊक असतं की एकदा नाव दिलं की जन्माची गाठ. मग शहाणा माणूस खाली बघून बाहेर पडतो. त्याला आळशी म्हणू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे सेवाभावाची टंचाई नाही, काम नीट मागण्याची टंचाई आहे.

वसईत राहणाऱ्या नोकरदाराचा दिवस कसा जातो ते आपल्याला कुणी सांगायला नको. पहाटेची लोकल, रात्री आठ-नऊला घर, रविवारी आठवड्याची साठलेली कामं. अशा माणसाला "समाजासाठी वेळ द्या" म्हटलं तर तो हसेल. पण "महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मिस्सानंतर दीड तास, या दोन घरी जाऊन यायचं, सोबत अमुक असेल, सहा महिन्यांनी दुसरा माणूस येईल" असं म्हटलं, तर दहापैकी दोघे-तिघे हो म्हणतील असं मला वाटतं. आपल्याला तेवढे पुरेत.

ही काही नवी कल्पना नाही. आपल्या अनेक चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी काम करते. ती 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी होता, वय वर्षं 20. त्यांनी मोठी इमारत बांधली नाही की निधी जमवत बसले नाहीत. गरिबांच्या घरी जायचं, बसायचं, काय लागतं ते विचारायचं आणि पुन्हा जायचं, एवढंच काम ठरवलं. आज ही संस्था जगभर पसरली आहे, पण मूळ काम अजून तेच आहे. विशीतल्या पोरांनी सुरू केलेलं हे काम आपल्याकडे निवृत्त मंडळींचं कसं झालं, याचा विचार कधीतरी करायला हवा.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. त्यांचा सण आपण थाटात करतो. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. त्याआधी त्यांनी व्यापार केला होता. त्यांना जपानी भाषाही यायची. पुढे मिशनऱ्यांसाठी दुभाषी म्हणून त्यांनी तीच भाषा कामाला लावली, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला हौतात्म्य पत्करलं. 1862 साली त्यांना संतपद मिळालं. हौतात्म्य आपल्या कुवतीपलीकडचं असेल. पण जे येतं ते देणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. तुम्ही बँकेत आहात? मग पेन्शनचे आणि हयातीच्या दाखल्याचे कागद भरून द्या. इलेक्ट्रिशियन आहात? पावसाआधी चार वृद्धांच्या घरचं वायरिंग बघून या. नर्स आहात? महिन्यातून एकदा बीपी तपासा. सगळ्यांना झाडू आणि खुर्च्याच द्यायच्या, ही सवय मोडायला हवी.

रक्तदानाचं बघा. कौतुकाची गोष्ट आहे, शिबिरं होतात. पण ती बरीचशी सण, पुण्यतिथी किंवा कुठलातरी खास दिवस गाठून होतात. रक्त साठवून ठेवायला मर्यादा असते. तांबड्या पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. म्हणजे डिसेंबरात कितीही बाटल्या जमल्या तरी त्या मे महिन्याच्या टंचाईला कामाच्या नाहीत. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात, नेमका तेव्हाच तुटवडा होतो. निरोगी पुरुष दर 3 महिन्यांनी रक्त देऊ शकतो, स्त्री दर 4 महिन्यांनी. मग शेजारच्या चार धर्मग्रामांनी एकत्र बसून वर्षाचं वेळापत्रक केलं तर? एकाने फेब्रुवारी घ्यायचा, दुसऱ्याने मे, तिसऱ्याने ऑगस्ट, चौथ्याने नोव्हेंबर. तारखा ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारायचं की तुम्हाला कधी कमी पडतं. खर्च शून्य. फक्त "आमच्या शिबिरात जास्त बाटल्या" ही चढाओढ सोडावी लागेल.

आता पावसाचं. जुलै 2018 कुणी विसरलेलं नाही. रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज नाही, फोन बंद. त्या दिवसांत लोक एकमेकांच्या मदतीला धावले, चर्चवालेही, मंदिरवालेही, मशीदवालेही. पण धावणं आणि तयार असणं यात फरक आहे. आपल्या चर्चकडे जे आहे ते महापालिकेकडेही नाही. आपल्याकडे घरटी माहिती आहे. कुठल्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कुणाची मुलं परदेशात आहेत, कुणाचं घर सखल भागात आहे, कुणाकडे माडी आहे, ट्रॅक्टर आहे, जनरेटर आहे, हे प्रत्येक वाडीत दोन-तीन जणांना तोंडपाठ असतं. ते कागदावर आणायला दोन रविवार लागतील. मेअखेर ही यादी तयार हवी. मोबाईल बंद पडतात, म्हणून छापील प्रत दोन घरांत हवी. आणि ती माहिती ग्रुपवर फिरवायची नाही. एकटं कोण राहतं हे सगळ्या गावाला कळणं धोक्याचं असतं.

या यादीत फक्त ख्रिस्ती घरं असावीत का? माझ्या मते, नसावीत. पाणी घरात शिरताना दारावरचा क्रूस बघत नाही की तोरण बघत नाही. 2011च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या पुढे होती. आपल्या वाडीच्या कडेला उभ्या राहिलेल्या इमारतींत कोण राहतं हे आपल्याला माहीत नाही, आणि या चर्चच्या आवारात काय चालतं हे त्यांना माहीत नाही. ते दोन-चार कामांत सोबत आले तर दोघांचाही फायदा आहे.

"बाहेरच्यांना बोलावलं की उगाच संशय येतो, वातावरण तसं आहे," असं काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण लपूनछपून केलं की संशय वाढतो, उघड्यावर केलं की कमी होतो. अभ्यासिका चालवायची तर शिकवणाऱ्यांत सगळ्या समाजांचे लोक असू द्या, पालकांना कधीही येऊन बसू द्या, हिशोब फळ्यावर लावा. लहान मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीच नको, कायम दोघं हवीत, हा नियम सगळ्यांना सारखा. हरित वसईची चळवळ आठवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, पण पाणी आणि जमीन वाचवायला सगळ्या जातिधर्मांचे वसईकर रस्त्यावर उतरले होते. ती आपलीच परंपरा आहे, आणि बसीन कॅथॉलिक बँकही आपलीच. 1918 साली सुरू झालेली ती बँक काही भाषणांवर उभी राहिली नाही. पै-पैचा हिशोब नीट ठेवणाऱ्यांनी ती उभी केली. मोठ्या कामाला शिस्त लागते हे आपल्या पणजोबांना कळत होतं.

एक बोचणारी गोष्टही लिहूनच टाकते. चर्चची साफसफाई, फुलं, सणाचं जेवण, आजाऱ्यांच्या भेटी, धर्मशिक्षणाचे वर्ग, यातलं बहुतेक काम बायका करतात. आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर शाल-श्रीफळ घेणाऱ्यांची रांग बघा. ज्या कामाचे निर्णय करणाऱ्यांना विचारून होत नाहीत, त्या कामाला नवीन माणूस येत नाही. तरुण मुलींना हे आम्हा जुन्या बायकांपेक्षा लवकर दिसतं. त्या भांडत नाहीत, फक्त यायच्या थांबतात.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको, आपल्या पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मांडता येतील.

1. वर्षभराच्या कामांची एक पानी यादी. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी: किती माणसं, किती तास, कधीपर्यंत. चर्चच्या दारात लावा.

2. कुणालाही सहा महिन्यांपेक्षा जास्त बांधून ठेवायचं नाही. मुदत संपली की आभार मानून मोकळं करायचं. ज्याला राहायचं असेल तो आपणहून राहील.

3. सूचनेवर विसंबायचं नाही, समोर जाऊन विचारायचं. "फ्रान्सिस, तुला गणित चांगलं येतं, दोन पोरं आहेत, शनिवारी तासभर येशील?" असं विचारलं की नाही म्हणणं जड जातं.

4. जुन्या दहा माणसांना विश्रांती. त्यांनी आता ओझं वाहायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं. त्यांच्या डोक्यात जी माहिती आहे ती त्यांच्यासोबत जाऊ देऊ नका.

यातून नाताळचा थाट कमी करा असं मी म्हणत नाही. गोठा व्हायला हवा, गाणी हवीत, पोरांचा दंगा हवा. त्याच रात्री, सगळे जमलेले असताना, ती एक पानी यादी फिरवा एवढंच सुचवतेय. माणसं तिथेच असतात, मूडमध्ये असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

येत्या रविवारी आपल्या फादरांना किंवा कौन्सिलच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "जून ते सप्टेंबर कुठल्या तीन कामांना माणसं कमी पडतात, आणि प्रत्येकाला किती तास लागतात?" उत्तर मिळालं तर इथे लिहा, इतर गावांनाही उपयोग होईल. उत्तर मिळालं नाही, तर यादी करण्याचं पहिलं काम तुम्हीच घ्या. दोन तासांचं आहे.